वादळ ओमानकडे, पाऊस निफाडला: कार्तिकातल्या वादळी हवेचा अंदाज कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या निफाड तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांची तीन एकर बाग, छाटणी 10 ऑक्टोबरची, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, बाग फुलोऱ्यात. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, जिल्ह्याला यलो अलर्ट आहे. पण बातम्यांत वादळ ओमानकडे जाणार असं सांगतात. बुरशीनाशकाचा फवारा आत्ता घ्यायचा की पाऊस होऊन गेल्यावर? शिवाय मुलं शनिवारी हरिहर गडावर आणि तिथून डहाणूला जाणार आहेत, त्यांना जाऊ द्यावं का?

फवाऱ्याचं उत्तर सरळ आहे: आधी घ्या, आणि पाऊस सुरू होण्याच्या किमान तीन-चार तास आधी संपवा. मुलांचं उत्तर मात्र येणारी हवा कोणत्या प्रकारची आहे यावर ठरतं. तो प्रकार ओळखता आला की बागेचं, डोंगराचं आणि किनाऱ्याचं बरंचसं कोडं सुटतं.

आधी ओमानचं बघू. वादळाचं केंद्र कुठे जाणार हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाचा. नाशिक शहर डहाणूच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत 110 किलोमीटरच्या आसपास आत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, निफाड त्याहूनही आत. आपल्याला वादळाचा वारा क्वचितच लागतो, लागतं ते त्याचं बाष्प. नोव्हेंबरात जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर महाराष्ट्रावरून पश्चिम-नैर्ऋत्येकडून जोरदार वारे वाहत असतात. समुद्रात आठशे किलोमीटरवर वादळ असलं तरी त्याच्या ढगांचे माथे हे वारे ओढून ईशान्येकडे, म्हणजे आपल्या डोक्यावर आणतात. हेच वारे वादळाची उभी रचना तिरकी करून ते मोडतात. म्हणून 'वादळ कमकुवत झालं' ही बातमी आणि आपल्याकडची रिपरिप पुष्कळदा एकाच दिवशी येतात. 2017 च्या डिसेंबरात ओखी दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याला लागेपर्यंत पार थकलं होतं, तरी मुंबईपासून नाशिकपर्यंत पाऊस झाला. 2019 च्या ऑक्टोबरअखेर क्यार आणि पाठोपाठ महा, दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली नाहीत. त्या दिवसांतल्या पावसाने आपल्याकडच्या द्राक्षबागांचं काय झालं ते जिल्ह्याला आठवतंय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कमी दाब, डिप्रेशन, चक्रीवादळ ही वर्गवारी फक्त वाऱ्याच्या वेगावर आहे. ताशी 31 ते 49 किलोमीटर वारा असला की डिप्रेशन, 50 ते 61 म्हणजे तीव्र डिप्रेशन, 62 च्या पुढे चक्रीवादळ. पावसाशी या पायऱ्यांचा थेट संबंध नाही. साधं कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याला समांतर तीन दिवस रेंगाळलं, तर झपाट्याने निघून गेलेल्या चक्रीवादळापेक्षा बागेचं जास्त नुकसान करतं.

आता प्रकार. दिवाळीपासून डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत नाशिकला वादळी हवा मुख्यतः दोन वाटांनी येते.

पहिली समुद्राची. दीड-दोन दिवस आधी नैर्ऋत्येकडून पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग येतात, सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. मग आभाळ एकसारखं राखाडी होतं. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा राहतो. रात्रीची थंडी एकदम नाहीशी होते. एरवी चौदा-पंधरा अंशांवर उतरणारं किमान तापमान विशीच्या आसपास अडकतं. पाऊस बारीक, थांबून थांबून, पण बारा ते छत्तीस तासांचा. गडगडाट नाही किंवा अगदी थोडा. गार पडण्याची शक्यता फार कमी, कारण हवेत जोरदार उसळी नसते.

दुसरी टकरीची. उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताचा पट्टा खाली उतरतो, वर थंड कोरडी हवा आणतो, आणि खाली पूर्वेकडून बंगालच्या उपसागराचं किंवा दक्षिणेकडून अरबी समुद्राचं बाष्प आलेलं असतं. सकाळ स्वच्छ पण चिकट. दुपारी बारा-एकला फुलकोबीसारखे उभे ढग दिसतात, तीन-चारनंतर वाऱ्याचा झोत, विजा आणि गारा. एका गावात बाग झोडपली जाते, पाच किलोमीटरवर धूळही बसत नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या रविवारी निफाड आणि आसपासच्या तालुक्यांत गारांचा खच पडला, तो या जातीचा दिवस होता.

ओळखण्यासाठी दोन आकडे पुरतात. एक दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं अंशांतलं माप, हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपवर दिसतो. नोव्हेंबरात तो बारा ते पंधराच्या आसपास असतो. तो 19-20 वर गेला की तुमच्या बागेत समुद्राची हवा येऊन बसली आहे असं धरा, मग आभाळ कसंही दिसो. दुसरा हवेचा दाब. इथे एक चूक सर्रास होते: सकाळी दहाचा आणि दुपारी चारचा दाब ताडून लोक घाबरतात. आपल्या पट्ट्यात दाब रोजच सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टापास्कलने उतरतो. तुलना कालच्या त्याच वेळेशी करायची. चोवीस तासांत दोन-तीनने घट दिसली तर तिला अर्थ आहे.

इशाऱ्याचे शब्दही नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. 'हलका' पाऊस 15.5 मिलिमीटरपर्यंत, 'मध्यम' 15.6 ते 64.4. हा मध्यमचा पट्टा इतका रुंद आहे की द्राक्षवाल्याला तो एकटा काही सांगत नाही. फुलोऱ्यातल्या बागेला तासाभरात पडलेले 50 मिलिमीटर आणि मागोमाग सुटलेला कोरडा वारा एक वेळ परवडतो. चौदा तास रिपरिपत पडलेले 16 मिलिमीटर परवडत नाहीत. अंदाजात मिलिमीटरच्या आधी तास शोधा.

पर्जन्यछायेच्या भरवशावरही राहू नका. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो, पाणी इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर उतरतं आणि पूर्वेला येईपर्यंत ढग रिकामे होतात. नोव्हेंबरात खालचा वारा पूर्व-आग्नेयेचा. तेव्हा सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव यांच्यापुढे आडोशाला सह्याद्री नसतोच, उलट चांदवडच्या डोंगररांगेच्या पूर्व-दक्षिण उतारांवर हवा चढते आणि तिथेच पाऊस वाढतो. 'आपल्याकडे कधी पडत नाही' हे वाक्य पावसाळ्याचं आहे, कार्तिकाचं नाही.

रडारच्या चित्राबद्दलही एक सावधगिरी. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा किरणसुद्धा पृथ्वीच्या गोलाईमुळे नाशिकवर येईपर्यंत साधारण दोन-अडीच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो, मध्ये घाटाचे डोंगर आहेत ते वेगळेच. त्यामुळे समुद्राच्या वाटेने आलेली खालच्या ढगांतली रिपरिप रडारवर पुष्कळदा दिसतच नाही. स्क्रीन कोरी आणि बाग ओली असं होतं. टकरीचे उंच ढग मात्र छान दिसतात. पन्नास डीबीझेडच्या (रडारवरचं पावसाच्या जोराचं माप) वरचा गडद ठिपका पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून तुमच्या दिशेने सरकताना दिसला तर अर्धा-पाऊण तास हाताशी आहे असं समजून कामाला लागा.

आता बाग. छाटणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवस म्हणजे फुलाची टोपी गळून परागीभवन व्हायची वेळ. वर्षभरात याहून नाजूक आठवडा नाही. टोपी ओली राहिली की गळत नाही, परागकण धुऊन जातात, घडात पाणी साचून गळ आणि कुज होते. त्याच वेळी डावणी या बुरशीजन्य रोगाला हवं ते सगळं मिळतं: वीस ते पंचवीस अंश तापमान आणि दोन-तीन तास सलग ओलं पान एवढ्यावर बीजाणू पानाच्या खालच्या रंध्रांतून आत शिरतात. शिरल्यावर पाच ते सात दिवस बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून पाऊस होऊन चार दिवसांनी 'बाग स्वच्छ आहे' म्हणणं घाईचं ठरतं.

पावसाआधीचा फवारा स्पर्शजन्य, म्हणजे पानावर थर धरणारा, घ्या. मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम, एकरी साधारण 300 ते 400 लिटर पाणी. पानाची खालची बाजू आणि घड भिजले पाहिजेत; ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर तिसऱ्या गियरमध्ये पळवून वरच्या पानांची धुलाई केली तर औषध, डिझेल आणि दिवस तिन्ही वाया. पान पूर्ण वाळायला दोन-तीन तास लागतात, ढगाळ हवेत जास्त. वाळलेला थरसुद्धा साधारण 25 मिलिमीटर पावसात निम्मा धुतला जातो आणि 50 मिलिमीटरला जवळपास संपतो. बागेत पर्जन्यमापक लावा. तालुक्याच्या सरासरीवर फवारणीचा निर्णय घेण्यात अर्थ नाही.

पाऊस थांबला की पहिलं काम औषधाचं नाही, पाणी झटकण्याचं. मांडवाच्या तारा हलवून किंवा ब्लोअर औषधाविना फक्त हवेवर चालवून घडातलं पाणी उडवा. फुलोऱ्यात पंख्याचा वेग कमी ठेवा, नाहीतर फुलंच झडतात. मग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं, औषध घ्या: मॅन्डीप्रोपॅमिड लिटरला 0.8 मिलि, किंवा डायमेथोमॉर्फ लेबलवरच्या मात्रेने, सोबत मॅन्कोझेब. ही दोन्ही औषधं एकाच गटातली आहेत. एकानंतर दुसरं घेतलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. पुढची फेरी वेगळ्या गटाची हवी. फॉस्फरस आम्लाचं पोटॅशियम क्षार घेणार असाल तर तांब्याच्या औषधाबरोबर मिसळू नका, पानं करपतात. फुलोऱ्यात तांबं तसंही टाळलेलं बरं. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची औषधांची यादी आणि काढणीपूर्व दिवस पाहूनच दुकानात जा.

आधी फवारा घ्या असं ठासून सांगायचं खरं कारण जमिनीत आहे. निफाडच्या काळ्या जमिनीत वीस-पंचवीस मिलिमीटर पडलं की दोन-तीन दिवस ट्रॅक्टर आत जात नाही, गेला तर चाकोरी रुतते आणि मुळ्या दबतात. दिंडोरीच्या मुरमाड उतारावर दुसऱ्या दिवशी जाता येतं. ज्याची जमीन भारी, त्याला पावसानंतरचा फवारा वेळेत मिळेलच असं नाही. अशा वेळी एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि लांब नळी बांधावर तयार ठेवा, किंवा डस्टरने मॅन्कोझेबची धुरळणी करा. ओल्या पानावर भुकटी चिकटते.

यलो अलर्ट लागल्या दिवसापासून ठिबक बंद ठेवा आणि नत्र देऊ नका. फेलफुटी (बगलेतल्या जादा फुटी) आणि घडाजवळची दाटी आधीच काढून टाका. वारा खेळला तर पान दोन तास लवकर वाळतं, आणि त्या दोन तासांवर डावणीची लागण ठरते. जीएचं (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक) डिपिंग, म्हणजे त्याच्या द्रावणात घड बुडवणं, पाऊस अंगावर असताना करू नका. मांडवाचे बाहेरचे ताण, अँगल आणि खुंट्या तपासा. वाऱ्याचा झोत ओल्या, जड मांडवाला बाहेरच्या बाजूनेच धरतो आणि एक ताण सुटला की ओळीमागून ओळ झोपते. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी, हे लक्षात घेतलं की चर मोकळे करायचं काम पुढे ढकललं जाणार नाही.

कसमादे पट्ट्यात, बागलाण-कळवणकडे, ज्यांच्या लवकर छाटलेल्या (अर्ली) बागा आता मण्यांत पाणी उतरून काढणीला आल्या आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मणी तडकतात. मुळातून आणि थेट सालीतून पाणी आत जातं, साल ताणाला पुरत नाही. बाग कोरडी ठेवून मग पाऊस झाला तर तडकणं वाढतं, म्हणून आधीच्या आठवड्यात ओलावा एकसारखा असायला हवा. प्लास्टिक आच्छादन असेल तर कडा आवळून घ्या. तडकलेले मणी त्याच दिवशी कात्रीने काढा. दुसऱ्या दिवशी रस गळून आंबटकूज शेजारच्या घडांत जाते.

कांद्याचं थोडक्यात: उन्हाळ कांद्याची रोपं गादीवाफ्यावर असतील तर वाफ्यातून पाणी निघायला वाट द्या, सपाट वाफ्यावरची रोपं पिवळी पडून मरतात. काढलेला लाल कांदा पातीसकट वावरात पडला असेल तर आजच छपराखाली घ्या. ओला कांदा ताडपत्रीखाली कोंडून ठेवला तर पावसापेक्षा वाफेनेच सडतो.

गारांसमोर औषधाचं काही चालत नाही. जाळी किंवा आच्छादन असेल तर तेवढाच उपाय. आवाजाच्या तोफांनी गारा फुटतात याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही, त्यावर पैसे घालू नका. गार पडल्यावर जखमांतून रोग शिरतो, म्हणून चोवीस तासांत बुरशीनाशक घ्या आणि फाटलेले घड काढा. गारपिटीचं वाढीव विमा संरक्षण घेतलं असेल तर 72 तासांत कळवावं लागतं. फोटो घेताना वेळ आणि ठिकाण दिसेल असा कॅमेरा वापरा आणि गारा वितळायच्या आत घ्या.

नदीकाठी मोटारी असतील त्यांनी त्या वर घ्याव्यात. नोव्हेंबरात गंगापूर, दारणा ही धरणं बहुधा भरलेली असतात, वरून आलेलं पाणी साठवायला जागा नसते. घाटमाथ्यावर चांगला पाऊस झाला तर पाणी सोडावंच लागतं.

आता मुलांचं. हवा टकरीची असेल तर शनिवारचा हरिहर रद्द करा. त्या कातळातल्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस चढतो किंवा उतरतो. वीज कडाडायला लागल्यावर चाळीस माणसांची रांग अर्ध्या तासात खाली येऊ शकत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हेच लागू. जायचंच झालं तर पहाटे चढून अकराच्या आत माथा सोडलेला असावा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा: तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माथा, एकटं झाड, रेलिंग सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर असू द्या, पण डोंगरात रेंज जाते, म्हणून मोजायची सवय हवी. हवा समुद्राची असेल तर विजेचं भय कमी. मग धोका निसरड्या कातळाचा आणि धुक्याचा, शिवाय ओल्या अंगावर वारा लागून भरणाऱ्या हुडहुडीचा. कसारा घाटातही त्या दिवशी धुकं दाट असतं; गाडीचे दिवे लो बीमवर ठेवा.

डहाणूला मात्र समुद्राचीच हवा जास्त वाईट. वादळ हजार किलोमीटरवर असलं तरी त्याच्या लांब लाटा ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने सरकत दीड दिवसात किनाऱ्याला पोचतात. वारा पडलेला, ऊन पडलेलं, आणि दर बारा-चौदा सेकंदांनी एक जाड लाट नेहमीच्या रेषेच्या बरीच वर येते. पोहायला उतरलेल्यांना तीच ओढून नेते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पाण्याजवळ जायचं नाही. सातपाटी-डहाणूच्या होड्या काठाला ओढलेल्या दिसल्या तर तेवढी खूण पुरे. खोल समुद्रातून ताशी बारा-पंधरा किलोमीटरने परत यायला होडीला सात-आठ तास लागतात, म्हणून मच्छीमार हवा बिघडायच्या आधीच निघालेले असतात.

पाऊस गेल्यावर उत्तरेचा वारा सुटतो, आभाळ निवळतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. बागेचा दुसरा धोका इथे सुरू होतो. ओली जमीन, निरभ्र रात्र, पडलेला वारा: गोदावरी आणि कादवेच्या खोलगट पट्ट्यात थंड हवा साचते आणि पहाटे धुई उतरते. पाऊस एक दिवसाचा असला तरी दवाने पान पुढचे तीन-चार दिवस सकाळी नऊ-दहापर्यंत ओलं राहतं. ते तासही पावसाच्या तासांत मोजा. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी बागेच्या सखल कोपऱ्यातली पंधरा-वीस पानं उजेडासमोर धरून बघा. पिवळसर तेलकट डाग दिसला तर ते पान ओल्या कापसाच्या बोळ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली तर डावणी जिवंत आहे, त्याच दिवशी फवारा घ्या. लव आली नाही आणि डाग मधोमध तपकिरी वाळला असेल तर आधीच्या औषधाने काम केलंय. नेहमीच्या वेळापत्रकावर या आणि सखल कोपऱ्यातल्या पानांची पाहणी आणखी आठवडाभर चालू ठेवा.